वीट क्लॅडिंग (पुणे परिसर)

वीट क्लॅडिंग : भाजलेल्या विटेच्या पातळ चकत्या तयार भिंतीवर चिकटवून ती उघड्या विटांची भासावी अशी करण्याचे काम. पुण्यात दुकानदार व फरशीवाले या चकतीला ‘ब्रिक टाइल’ म्हणतात. जाडी साधारण १० ते २५ मिमी असते आणि दर्शनी बाजू बहुधा ९ इंच × ३ इंच. भिंतीचा भार ही चकती पेलत नाही. उलट तिचाच भार भिंतीवर पडतो, आणि या कामातल्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

चकत्या दोन तऱ्हेने बनतात. एक तर अख्खी वीट यंत्राने कापून तिचे दर्शनी अंग वेगळे काढतात, किंवा माती पातळ दाबून वा साच्यातून ओढून मुळातच टाइलच्या मापाची भाजतात. पहिल्या प्रकारात भट्टीचे डाग आणि रंगाची चढउतार खऱ्या विटेची असते. दुसरा प्रकार मापाला पक्का, पण जरा जास्तच एकसारखा दिसतो. सिमेंटच्या रंगीत टाइलही याच नावाने विकल्या जातात. त्यांचा रंग उन्हात फिका पडू शकतो, म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी भाजलेली मातीच बरी.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडच्या आग्नेय भागात अठराव्या शतकात लाकडी सांगाड्याच्या घरांवर विटेसारखी दिसणारी कौले खिळ्यांनी ठोकून घरे विटांची भासवत. १७८४ सालचा विटांवरचा कर चुकवण्यासाठी ही युक्ती निघाली असे सांगितले जाते, पण त्या कौलांचा वापर कराच्या आधीपासूनचा आहे.

पुण्याला खऱ्या विटेचे नमुने शोधायला लांब जावे लागत नाही. १७३२ मध्ये पूर्ण झालेल्या शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांनी बांधवलेले १८६७ चे सिनेगॉग, लाल विटांमुळेच त्या नावाने ओळखले जाते. क्लॅडिंग करवून घेणाऱ्याने आधी तिथे जाऊन विटांचे थर कसे चालतात आणि कोपऱ्यावर वीट कशी वळते एवढे पाहिले, तरी मिस्त्रीशी निम्मे बोलणे वाचते.

वजनाचा हिशेब आधी करावा. १५ मिमी जाडीची चकती, चिकटवणी आणि सांध्यातला माल मिळून दर चौरस मीटरला सुमारे ३५ किलो भरतात. १० फूट × १० फूट भिंतीला अंदाजे ४५० चकत्या लागतात आणि एकूण भार तीनशे किलोंच्या पुढे जातो. वाया जाणाऱ्या मालासाठी दहा टक्के वेगळे धरावेत. पुण्यातल्या नव्या इमारतींत भिंती बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र सिमेंटी ठोकळ्यांच्या) आणि आतून जिप्सम प्लास्टरच्या असतात. वाळू-सिमेंटचा गिलावा हा भार धरतो; जिप्समचा थर धरेलच असे नाही. ब्रिटिश मानकात साध्या जिप्सम गिलाव्यासाठी टाइल व चिकटवणी मिळून दर चौरस मीटरला २० किलो ही मर्यादा दिली आहे. म्हणून तेवढ्या भागातले जिप्सम खरवडून सिमेंट गिलावा करावा, किंवा सिमेंट बोर्ड स्क्रूने पक्का करून त्यावर काम करावे. ऑइलपेंट किंवा डिस्टेंपरवर चकती लावणे म्हणजे ती रंगालाच चिकटवणे. रंग सुटला की चकतीही सुटते. रंग काढून छिन्नीने टाचे मारावेत, धूळ झाडावी आणि भिंत ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा नवा करावा. नव्या गिलाव्याला महिनाभर तरी द्यावा.

आखणी खिडक्या-दारांपासून करतात. थर खिडकीच्या वरच्या कडेला अर्धवट कापला जाऊ नये म्हणून मोजपट्टीवर चकती अधिक सांधा अशी मापे मांडून ती भिंतीवर उतरवतात. खाली सपाट पट्टी ठोकून तिच्यावर पहिला थर बसवतात, ओळंबा आणि लाइनदोरी लावतात. वरच्या थराचे उभे सांधे खालच्या चकतीच्या मधोमध यायला हवेत. ही सांधेमोड चुकली की नवख्यालाही ‘टाइल लावलीय’ हे कळते. चकत्या एकाच खोक्यातल्या सलग लावू नयेत. तीन-चार खोकी फोडून मिसळाव्यात, नाहीतर भिंतीवर रंगाचे पट्टे उमटतात.

चिकटवणीसाठी पॉलिमरयुक्त टाइल ॲडेसिव्ह वापरतात. आयएस १५४७७ या भारतीय मानकात त्याचे पाच प्रकार आहेत. बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रकार पाकीट पाहून घ्यावा. नुसता सिमेंटचा घोळ अजूनही वापरला जातो, पण एप्रिलच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर तो भरवशाचा नाही. दातेरी थापीने ॲडेसिव्ह एका वेळी थोड्याच भागावर ओढावे. बोट लावून पाहावे : बोटाला माल लागत नसेल तर वर पापुद्रा धरला आहे, तो खरवडून नवा लावावा. चकतीच्या पाठीलाही पातळ हात फिरवून ती किंचित हलवत दाबतात. अधूनमधून एक चकती ताजी असतानाच उचलून पाठ पाहावी. बाहेरच्या कामात ती जवळजवळ पूर्ण माखलेली हवी, कारण उरलेल्या पोकळीत पावसाचे पाणी साचते.

कोपऱ्यासाठी एल आकाराचे तुकडे मिळतात, ते महाग पडतात. ते वाचवून दोन चकत्या नुसत्या एकमेकींना भिडवल्या की कड उघडी दिसते आणि सारा देखावा तिथेच उघडा पडतो. एल तुकडे नाहीतच मिळाले, तर दोन्ही कडा ४५ अंशात कापून जुळवाव्यात.

सांधा सहसा १० मिमी ठेवतात. दर्जा, म्हणजे हे सांधे, भरण्याचे काम चोवीस तासांनी, आणि ते फरशीसारखे माल फासून पुसण्याचे नव्हे. वीट सच्छिद्र असल्याने फासलेले सिमेंट तिच्यात मुरते आणि पांढरट डाग कायमचा राहतो. मेंदीच्या कोनासारख्या पिशवीतून माल फक्त सांध्यात सोडतात, अंगठ्याचा ठसा उमटेल इतका आवळला की गोल सळईने दाबतात आणि कोरड्या ब्रशने झाडतात. डाग काढायला ॲसिड मारण्याची सवय अनेक कामांवर दिसते. त्याने सांधा खाल्ला जातो आणि लोणा (विटेवर येणारा पांढरा क्षार) फुटायला वाव मिळतो. ते टाळलेलेच बरे.

बाहेरच्या बाजूचा खरा शत्रू पाऊस. पुण्यात तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त भिजते आणि उन्हाळ्यात दुपारी तापतेही तीच. काँक्रीटचा बीम आणि ब्लॉकवर्क जिथे भेटतात तिथे गिलाव्यात चिकन मेश (तारेची बारीक जाळी) घालावी, आणि क्लॅडिंगमध्ये त्याच रेषेत लवचिक सीलंटचा सांधा सोडावा. नाहीतर भेग चकत्यांमधून आरपार दिसू लागते. पॅरापेटवर, म्हणजे गच्चीच्या कठड्यावर, पुढे आलेले, खाली पाणी तोडणारी खाच असलेले झाकण नसेल, तर पाणी वरून चकत्यांच्या मागे उतरते. सीलर (पाणी रोखणारा लेप) मारायचा तर वाफ बाहेर जाऊ देणारा, सिलेन-सिलोक्सेन जातीचा. चकचकीत लॅकर आतली ओल कोंडतो. वरच्या मजल्यांवर हे काम करताना स्ट्रक्चरल इंजिनियरचे मत आणि सोसायटीची लेखी परवानगी दोन्ही घ्यावीत. सुटलेली चकती चौथ्या मजल्यावरून पडली, तर तो सौंदर्याचा प्रश्न उरत नाही.

घरात मात्र काम सोपे आहे : टीव्हीमागची भिंत, जिना, बाल्कनीची आतली बाजू. स्वयंपाकघरात गॅसच्या मागे लावल्यास तेलाचे थेंब विटेत मुरतात, तिथे सीलर हवाच. एकदा चिकटलेली चकती काढताना बहुधा गिलावा घेऊनच निघते. त्यामुळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये चकत्या थेट भिंतीवर न लावता भिंतीला स्क्रूने अडकवलेल्या बोर्डवर लावून घेतात.