अनावर खरेदी: आजार म्हणून ओळख कशी मिळत गेली

मे १८७५. शिकागोच्या न्यायालयात अब्राहम लिंकन यांच्या पत्नी मेरी यांच्या मनःस्थितीबद्दल सुनावणी झाली. अर्ज थोरल्या मुलाचा, रॉबर्टचा. भास आणि भीती यांच्या साक्षींबरोबर खरेदीचाही मुद्दा निघाला: मुक्काम हॉटेलात, स्वतःचं घर नाही, तरी लेसचे पडदे घेतलेले, ट्रंका भरून कपडे, पण अंगाला न लागलेले. त्यांना काही महिने शिकागोजवळच्या बटाव्हिया गावातल्या खासगी मनोरुग्णालयात राहावं लागलं. त्यांना नेमकं काय झालं होतं यावर आजही एकमत नाही. पतीची हत्या आणि तीन मुलांचे मृत्यू सोसलेल्या बाईला आज बसून कुठलं निदान चिकटवू नये, असं मला वाटतं.

वैद्यकात या त्रासाला जागा मिळाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी त्याला ओनिओमॅनिया, म्हणजे खरेदीचं वेड, म्हटलं. स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉइलर यांनी तो आग लावण्याच्या आणि चोरीच्या अनावर ऊर्मींशेजारी मांडला. चैनीसाठी बेफिकीरपणे कर्ज काढणारे यात येत नाहीत, इथे माणसाचा स्वतःवर ताबाच उरत नाही, हा फरक त्यांनी तेव्हाच सांगितला होता. दुर्दैवाने तोच आपण विसरतो आणि ‘हात सैल आहे’ म्हणून मोकळे होतो.

पुढे कित्येक दशकं विषय अडगळीत पडला. १९८९ मध्ये तो पुन्हा चर्चेत आणला ओ’ग्विन आणि फेबर या ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांनी. १९९४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ सुझन मॅकेलरॉय आणि सहकाऱ्यांनी २० रुग्ण अभ्यासून निदानाचे निकष सुचवले. रक्कम किती, हा त्यांचा प्रश्न नव्हता. ओढ आवरत नाही, घेतलेलं लागत नाही, आणि त्यातून मनस्ताप होतो, कामाचा वा पैशाचा खेळखंडोबा होतो, हे पाहायचं. घेताना हायसं वाटतं, मग अपराधी वाटतं. वस्तू कपाटात लपतात, बिलं घरच्यांपासून दडवली जातात.

हा बायकांचाच रोग, ही समजूत २००६ मध्ये डळमळली. अमेरिकेतल्या दूरध्वनी सर्वेक्षणात प्रमाण ५.८ टक्के निघालं, स्त्री-पुरुषांत जवळपास सारखं. उपचाराला मात्र बायकाच जास्त येतात. पुरुषांच्या खरेदीला बरेचदा ‘संग्रहाचा छंद’ म्हणून माफी मिळते.

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत, या आजाराला स्वतंत्र स्थान नाही. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-यादीत तो ऊर्मी-नियंत्रणाच्या ‘इतर’ विकारांत उदाहरणादाखल येतो. साध्या खर्चिकपणालाही रोग ठरवलं जाईल, ही आक्षेप घेणाऱ्यांची भीती खरी आहे. तरी एवढीशी जागा मला अपुरी वाटते. उपचारांत सर्वाधिक आधार गटात दिल्या जाणाऱ्या सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या संवादी उपचाराला, आहे. खात्रीचं औषध अजून हाती लागलेलं नाही.