फिकट चट्टा आणि गावचा डॉक्टर : कुष्ठरोगाची पार्श्वभूमी
अंगावर फिकट डाग दिसला की सांगली-साताऱ्याकडचा माणूस आधी गावच्या डॉक्टरांकडे जातो. शिबं समजून मलम मिळतं. डाग जात नाही, मग दुसरं मलम. डागावर कापसाची वात फिरवून, डोळे मिटायला लावून, ‘लागतंय का?’ एवढं विचारायचं मात्र राहून जातं. डाग बधिर असेल, तर तो कुष्ठरोगाचा असू शकतो. याचा सगळा दोष त्या डॉक्टरवर टाकणं मला पटत नाही. पन्नासेक वर्षं हा आजार त्याच्या टेबलापर्यंत येऊच दिला गेला नव्हता.

महारोग, रक्तपिती या शब्दांतच भीती होती. हॅन्सन यांनी 1873 मध्ये जंतू शोधला, तरी रोग्याला गावाबाहेर ठेवणं सुटलं नाही. मिरजेत वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय 1894 पासूनचं, पण कुष्ठरुग्णांसाठी रिचर्डसन रुग्णालय वेगळंच. औषध म्हणजे कडू कवठाच्या जातीतल्या बियांचं तेल टोचणं. 1940 नंतर डॅप्सोन आलं. 1955 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला (सांगली जिल्हा तेव्हा दक्षिण सातारा होता) आणि घरोघर तपासणी, नोंद, गोळ्या हे सगळं कुष्ठरोग तंत्रज्ञांच्या हाती गेलं. त्यांनी पायपीट करून केलेलं काम मोठं आहे. पण खाजगी डॉक्टर त्यातून बाहेर राहिला.

एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. रिफाम्पिसिनचा महिन्याचा डोस समोर गिळवायचा, बाकी गोळ्या रोज घरी. रुग्णसंख्या झपाट्याने उतरली.

घोटाळा पुढे झाला, आणि तो शब्दाचा. कार्यक्रमाचं नाव ‘निर्मूलन’. डिसेंबर 2005 मध्ये देशाने गाठलं ते ‘दूरीकरण’, म्हणजे दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण. लोकांनी, आणि बऱ्याच डॉक्टरांनीही, रोग मुळासकट गेला असंच ऐकलं. स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली, घरोघरची नजर कमी झाली. आजही लहान मुलांत नवे रुग्ण सापडतात, म्हणजे संसर्ग चालूच आहे. लागण झाल्यापासून लक्षण दिसायला सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही.

म्हणून चट्टा बधिर आहे का हे बघायलाच हवं. कोपरामागची नस (मज्जातंतू) जाड लागते का, तेही चाचपावं. पाचपर्यंत चट्टे असले तर सहा महिने औषध, त्याहून जास्त असले तर बारा. सरकारी केंद्रात ते फुकट मिळतं. उपचार चालू असताना चट्टे लाल होऊन सुजले, नस ठणकायला लागली, तर ती औषधाची ॲलर्जी समजून गोळ्या बंद करू नयेत. ती कुष्ठरोगातली ‘रिॲक्शन’ असते, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीराचीच उसळलेली प्रतिक्रिया. तिला वेळेत स्टेरॉइड मिळालं नाही, तर हात कायमचा वाकडा होऊ शकतो.

मला सगळ्यात काळजी वाटते ती ऊसतोड टोळ्यांची. दिवाळीच्या सुमारास ही माणसं कारखान्यांवर येतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांचा उपचार सुरू केला, तर पुढच्या महिन्यांची पाकिटं आणि गावच्या केंद्रासाठी चिठ्ठी जाण्याआधीच हातात द्यावी लागते.