निकोटीन कुठूनही आले तरी मेंदूला ते सारखेच

तंबाखूच्या पानातले निकोटीन जवळजवळ संपूर्णपणे ‘एस’ या एकाच रूपात असते. प्रयोगशाळेत साध्या पद्धतीने बनवलेल्या निकोटीनमध्ये मात्र ‘एस’ आणि त्याची आरशातली प्रतिमा असलेले ‘आर’ ही दोन्ही रूपे निम्मी-निम्मी मिळतात. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात नीट बसत नाही, तसे ‘आर’ रूप मेंदूतील ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या रासायनिक संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, नीट बसत नाही आणि त्याचा परिणाम बराच कमी होतो. आता मात्र जवळजवळ शुद्ध ‘एस’ निकोटीनही कृत्रिमरीत्या तयार करता येते, आणि ते पानातल्या निकोटीनइतकेच व्यसन लावते.

अमेरिकेच्या २००९ च्या कायद्याने ‘तंबाखूपासून बनवलेली किंवा मिळवलेली’ वस्तू एवढीच तंबाखूजन्य उत्पादनाची व्याख्या केली होती. तेथील अन्न व औषध प्रशासनाने फळांच्या चवीच्या, वापरून फेकून देण्याच्या ई-सिगारेटींवर कारवाई सुरू केल्यावर काही उत्पादकांनी त्याच ई-सिगारेटींत कृत्रिम निकोटीन भरले, वेष्टनावर ‘तंबाखूमुक्त’ असे छापले आणि आपल्याला हा कायदा लागूच होत नाही, अशी भूमिका घेतली. हे वेष्टन ज्यांच्या हाती पडत होते, त्यांत शाळकरी मुलेही होती. निर्णय घेणारा आणि मोहाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्या काळात निकोटीन मिळत राहिले, तर लक्ष, स्मरण आणि आवेगावरचा ताबा यांवर परिणाम होतो आणि व्यसनही लवकर जडते. माझ्या मते, ‘तंबाखूमुक्त’ हा शब्द येथे सर्वाधिक घातक ठरला, कारण तो अक्षरशः खरा असूनही मुलांना धोका नसल्याचा भरवसा देत होता.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने व्याख्येत ‘कोणत्याही स्रोतातील निकोटीन’ आणले. १४ एप्रिलपासून ती लागू झाली, २१ वर्षांखालील व्यक्तींना होणारी विक्री कृत्रिम निकोटीनच्या बाबतीतही बेकायदा ठरली आणि उत्पादकांना परवानगीचे अर्ज करण्यासाठी १४ मेपर्यंत मुदत मिळाली.

तरीही एक वाट उरलीच. निकोटीनला एक मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचा छोटा अणुसमूह, जोडला की ६-मिथाइल निकोटीन हे वेगळे रसायन तयार होते. ते त्याच ग्राहींना उत्तेजित करते, पण नावाने निकोटीन नसल्यामुळे त्याची विक्री कायद्याबाहेरची म्हणून सुरू झाली. म्हणूनच व्याख्या रसायनाच्या उगमावर किंवा नावावर न ठेवता ते ग्राहींवर काय करते, यावर बेतायला हवी. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये आपल्या कायद्यातील निकोटीनच्या व्याख्येत अशा सदृश रसायनांचाही समावेश केला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातही तो व्हायला हवा.