जुने लॉन नव्याने पेरायचे आहे? आम्ही बघून जाईपर्यंत टिलर फिरवू नका

चवथीला गणपतीवर बांधलेली फळा-पानांची माटोळी उतरली की आमच्याकडे फोन सुरू होतात. पावसाळ्यात लॉनची रया गेलेली असते. मधेमधे लाल माती उघडी पडते, एका बाजूला शेवाळ धरते, कुंपणाकडून लाजाळू आत सरकते. नाताळापर्यंत पुन्हा हिरवे होईल का, असे लोक विचारतात. होते, वेळेवर हात घातला तर नक्की होते. पण त्याच फोनवर बऱ्याचदा पुढचे वाक्य येते, "आम्ही टिलर फिरवून जमीन भुसभुशीत करून ठेवली आहे, तुम्ही फक्त बी घेऊन या." हे पत्रक त्या वाक्यासाठी छापले आहे.

यात ग्राहकाचा हेतू चांगलाच असतो. आमचे काम हलके व्हावे, दोन दिवस वाचावेत, म्हणून तो भाड्याने टिलर आणतो. शेतात पेरणीआधी नांगरतात, तर इथेही तसेच करायचे, असे कोणालाही वाटेल. मात्र जुन्या लॉनखाली बहुधा लव्हाळा हे गाठींचे तण असते, आणि त्याचा हिशोब वेगळा आहे.

लव्हाळ्याचे एक रोप कोयत्याच्या टोकाने हलकेच, माती मोकळी करत उकरून बघा. पात्याच्या बुडाशी एक गाठ मिळेल. तिथून दोऱ्याएवढी बारीक मुळी निघून पुढच्या गाठीला लागते, तिथून आणखी पुढच्या. गाठी काळपट, टणक, हरभऱ्याएवढ्या असतात आणि नखाने खरवडल्या तर आत पांढऱ्या दिसतात. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात. ही माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा निजून राहतात. टिलरची पाती माळ तोडतात, की निजलेल्या गाठी जाग्या होतात. शिवाय टिलर त्या गाठी कोपऱ्यातून उचलून सगळ्या अंगणभर पसरवतो. आधी जिथे चार ठिकाणी लव्हाळा होता, तिथे तो सगळीकडे होतो.

जुन्या गवताचेही तेच. गावठी हरळीच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात, त्यामुळे तुकडे केले की तितकी रोपे तयार होतात. मग नव्या बारीक पानाच्या लॉनमध्ये जाड पानाची बेटे उगवतात आणि ग्राहक म्हणतो, बी भेसळीचे होते. बी चांगले होते, जुने गवत मेलेले नव्हते.

टिलर आधीच फिरलेला असेल तर आम्हाला थांबावेच लागते. तण मारायचे औषध मुळाशी पोचते ते हिरव्या पानातून. पानेच मातीत गाडली गेली, तर लव्हाळा पुन्हा वर येऊन चांगला पानावर येईपर्यंत तीन-चार आठवडे पाणी घालत बसण्यावाचून उपाय नसतो. म्हणजे दोन दिवस वाचवायला गेले आणि महिना गेला. तशाच जमिनीत बी पेरा, असा आग्रह झाला तरी आम्ही पेरत नाही. लव्हाळा चांगला वाढतो तेव्हा नव्या गवताला जेमतेम दोन पाने असतात, आणि त्या वेळी लव्हाळ्यावर औषध मारले तर कोवळे गवतही होरपळू शकते. पैसे घेऊन असे काम करणे आम्हाला जमत नाही.

तर मग तुम्ही काय करायचे? आम्ही येण्याआधी दहा-बारा दिवस गवत कापू नका. उघडीप असेल तर एक दिवसाआड पाणी द्या. वाईट दिसेल, वाढू द्या. तण जितके ताजे आणि पानदार, तितकी फवारणी लागू पडते. फवारणी आम्ही स्वतः करतो, बाटली ग्राहकाच्या हातात देत नाही. निदान सहा तास पाऊस नाही असा दिवस बघतो, वारा पडलेला असताना मारतो आणि शेजारची अबोली-जास्वंद झाकून घेतो. औषध नकोच असेल तर तसे सांगा. मार्च ते मे या काळात जमीन ओली करून, गवत काढून, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवल्या तर पाच-सहा आठवड्यांत वरच्या थरातले तणांचे बी बरेचसे मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र त्याने पुऱ्या जात नाहीत. त्या हातानेच, पिकावाने खणून, माळेसकट काढाव्या लागतात. आमची माणसे ते करतात, मजुरी जास्त पडते एवढेच.

एक गोष्ट कृपा करून करू नका. दुकानातून "तण उगवू नये म्हणून" मिळणारे औषध पेरणीआधी टाकू नका. पेंडिमेथालिनसारखी औषधे उगवत्या बियांनाच मारतात. त्यांना तणाचे बी कोणते आणि तुमच्या लॉनचे कोणते, हे कळत नाही.

जमीन खणायची वेळ जुने गवत पूर्ण पिवळे पडल्यावर येते. त्याआधी आम्ही सुरीने लॉनचा एक चौकोनी तुकडा कापून बघतो, तुम्हीही बघू शकता. वर हिरवे, त्याखाली तपकिरी, दाबले की स्पंजसारखा दबणारा मेलेल्या देठा-मुळांचा थर, आणि त्याखाली माती. तो तपकिरी थर एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तो दाताळ्याने ओढून काढल्याशिवाय बी मातीला टेकतच नाही. थरावर पडलेले बी पाणी मिळाले की मोड काढते, मुळी खाली उतरत नाही आणि दुपारच्या उन्हात वाळून जाते. "बी उगवले आणि गेले" अशी तक्रार येते तेव्हा आम्ही आधी हा थर बघतो.

त्याच खड्ड्यात माती किती खोल आहे तेही कळते. आपल्याकडे घर बांधून झाले की चिऱ्यांचे तुकडे, सिमेंटचे खवले, खडी हे सगळे अंगणातच पुरले जाते आणि वर चार बोटे लाल माती. एप्रिलमध्ये लॉन ठराविक जागीच करपत असेल तर तिथे खाली बहुधा चिरा आहे. गवताला निदान पंधरा सेंटिमीटर माती हवी. नसेल तर आधी डबर काढायचे, मग भर घालायची. जुन्या लॉनवरच ट्रकभर माती ओतून पेरायचे, हा सोपा मार्ग बरेच जण सुचवतात. लव्हाळा त्या भरातून सहज वर येतो, आणि अंगणाची पातळी उंबऱ्याकडे चढते ती वेगळीच. पाणी घरापासून लांब जायला हवे: दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार पुरे.

आपली जांभ्याची माती बहुतांशी आम्ल असते आणि स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवते, गवताला सुटू देत नाही. म्हणून चुना किंवा डोलोमाइट पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळतो. किती टाकायचा ते माती तपासूनच ठरवावे. तुमच्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात नमुना कुठे द्यायचा ते सांगतील. अंदाजाने चुना ओतू नका, विशेषतः जिथे सिमेंटचे डबर पुरलेले आहे तिथे, कारण तिथली माती आधीच उलट बाजूला गेलेली असू शकते. शेणखत पूर्ण कुजलेले, काळे, वास गेलेले हवे. दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरून वरच्या वीतभर मातीत मिसळायचा. ओले शेण घातले तर मुळे खाणारी हुमणी अळी आणि तणाचे बी दोन्ही पाहुणे येतात.

जमीन सारखी झाली की लगेच पेरायचे नाही. आम्ही ती तशीच ठेवतो आणि पेरल्यासारखे रोज पाणी देतो. दोन आठवड्यांत जे उरलेसुरले तण उगवते ते उथळ खुरपून काढतो, खोल खणत नाही, नाहीतर खालचे नवे बी वर येईल. या दोन आठवड्यांवरून आमची ग्राहकांशी सर्वात जास्त बोलाचाली होते. मोकळी माती पडून आहे आणि माळी पैसे घेतो, असे दिसते खरे. पण पुढच्या वर्षभराची खुरपणी याच पंधरवड्यात वाचते, म्हणून आम्ही तो सोडत नाही.

पेरणीचे थोडक्यात. हरळीजातीचे साल काढलेले बी शंभर चौरस मीटरला साधारण एक किलो. ते कोरड्या वाळूत मिसळून अर्धे उभे, अर्धे आडवे विस्कटायचे, दाताळे हलके फिरवायचे आणि रोलर. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल गेले तर येत नाही. पहिले दोन आठवडे बारीक फवाऱ्याने दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे पाणी, सात ते चौदा दिवसांत हिरवी झाक दिसते. जून-जुलैत पेरू नका, मुसळधार पावसात बी गटारात जाते. आंब्या-फणसाच्या सावलीत हे बी लागणार नाही, त्याला रोज सहा तास ऊन हवे. तिथे सावलीत चालणारे रुंद पानाचे गवत ठोंबांनी लावतो. मेक्सिकन आणि कोरियन म्हणून विकतात ती गवतेही आम्ही गादीने, म्हणजे मातीसकट कापलेल्या तयार गवतानेच लावतो, त्यांचे बी मागू नका. समुद्राजवळच्या घरांनी विहिरीचे पाणी आधी चाखून बघावे. हरळी मोठी झाल्यावर थोडा खारेपणा सोसते, कोवळी असताना नाही.

नाताळासाठी हिशोब असा: तयारीला चार-पाच आठवडे, पेरल्यापासून खुर्च्या मांडता येईपर्यंत आठ-दहा. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पहिली पाहणी झाली पाहिजे. नोव्हेंबरात फोन आला तर आम्ही गादी सुचवतो. ती महाग पडते, आणि जमिनीची तयारी तिलाही हीच लागते.

पहिल्या पाहणीचे पैसे आम्ही घेतो, काम दिलेत तर बिलातून वजा करतो. येण्याआधी व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवा: सगळ्या अंगणाचा एक, सर्वात खराब जागेचा जवळून एक, आणि वर सांगितलेल्या कापलेल्या तुकड्याचा बाजूने एक. अंगणाची लांबी-रुंदी आणि दुपारी बाराला ऊन कुठवर येते तेही लिहा. टिलर आधीच फिरला असेल तर कधी फिरला ते तारखेसह कळवा. त्यावरून पहिली फवारणी कधी करता येईल ते आम्ही फोनवरच सांगतो.