आढ्याचं पाणी क्लीनरच्या पायाशी

माझ्या मावसभावाची पिकअप नारायणगावहून टोमॅटो भरून कल्याणच्या बाजार समितीत जाते. ओतूर, माळशेज, मुरबाड हा तिचा ठरलेला रस्ता. मागच्या पावसाळ्यात क्लीनरच्या बाजूची मॅट ओली राहू लागली. ओली म्हणजे पाय ठेवला की पचपच आवाज यायचा. पोरगा चपला डॅशबोर्डवर ठेवून सीटवर मांडी घालून बसायचा. गॅरेजवाल्यानं पुढच्या काचेभोवती सिलिकॉनची नळी फिरवली. आठवड्यात पुन्हा पचपच. पुन्हा नळी. तिसऱ्या खेपेला काचेभोवती पांढऱ्या लोण्यासारखा थर चढला होता आणि केबिनमध्ये कुबट वास मुक्कामाला आला होता.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण रविवारी दारात गाडी उभी होती, मावसभाऊ वैतागलेला होता, आणि तेवढ्यात क्लीनर म्हणाला, "सर, जाताना काय नाय होत. येताना घाट चढायला लागलो की मग पाणी येतं."

या एका वाक्यात निम्मं उत्तर होतं.

आधी काचेवरचा संशय तपासू. पावसात गाडी पळते तेव्हा समोरची हवा काचेवर आदळते आणि दाब तयार होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला हा दाब साधारण ३०० पास्कल, म्हणजे तीन सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराइतका असतो. काचेच्या कडेला फट असेल तर तेवढा रेटा पाणी आत ढकलायला पुरे. पण हा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग चौथाईवर आला की दाब सोळापट कमी. माळशेज चढताना गाडी ताशी वीसनं रांगत असते, म्हणजे रेटा उरला जेमतेम दोन मिलिमीटर पाण्याएवढा. काच गळत असती तर मुरबाडच्या सरळ रस्त्यावर जास्त गळायला हवी होती. घाटात वेग कमी होतो, पण गाडीचं नाक वर होतं. तेव्हा पाणी कुठेतरी साचलेलं असणार आणि चढाला मागे कलंडत असणार.

इथे गाडी पाण्यापासून कशी वाचते हे सांगायला हवं, कारण बहुतेकांची समजूत असते की केबिन म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा. तसं नसतं. केबिन असते कौलारू घरासारखी. कौलं एकमेकांना चिकटवलेली नसतात. मधल्या फटीतून उजेडसुद्धा दिसतो, तरी पाऊस आत येत नाही, कारण प्रत्येक कौल आपलं पाणी खालच्या कौलावर सोडतं. आढ्याचं पाणी वळचणीला, आणि वळचणीवरून पन्हळीत. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट करून देणं, हीच सगळी युक्ती.

दरवाजाचंच बघा. खिडकीची काच खालीवर होते तिथे बाहेरून रबराची पट्टी असते, ती बरंचसं पाणी पुसून काढते, पण सगळं नाही. उरलेलं पाणी दरवाजाच्या पोटात उतरतं, आणि ते उतरणार हे गाडी बनवणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. म्हणून दरवाजाच्या अगदी खालच्या कडेला लांबट भोकं ठेवलेली असतात. पाऊस पडून गेल्यावर दार उघडून बोटानं चाचपा, सापडतील. आणि आतल्या पॅडच्या मागे प्लॅस्टिकचा एक कागद काळ्या चिकट पट्टीनं चिकटवलेला असतो. पोटातलं पाणी आतल्या पॅडवर येऊ न देणं हे त्याचं काम. मग एक दिवस मालक स्पीकर बसवायला देतो. वायरमन पॅड उघडतो, मधे येणारा तो कागद टरकावतो, स्पीकर दणक्यात वाजतो, आणि पुढच्या पावसाळ्यात उंबऱ्यावरून पाणी आत. हा कागद फाडायचा परवाना गावातल्या प्रत्येक वायरमनला कुठून मिळतो कोण जाणे! भोकं चिखलानं बुजली तर दार उघडमिट करताना पोटात पाण्याचा खळखळाट ऐकू येतो. तिथे एक काडी फिरवली तरी काम होतं.

आता पुढच्या काचेचं पाणी. वायपरच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची जाळी असते. काचेवरून ओघळलेलं सगळं पाणी तिच्यातून खालच्या पत्र्याच्या खाचेत पडतं. ही गाडीची पन्हळ. तिला दोन्ही टोकांना उतार आणि भोकं असतात, पाणी चाकामागे निघून जातं. पण याच खाचेत आणखी एक तोंड असतं, ब्लोअरची बाहेरची हवा ओढणारं. पन्हळीत हवेचं तोंड ठेवण्याचं कारण पुन्हा भौतिकशास्त्रातलंच. चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवा अडते, दाब वाढतो, आणि पंख्याला फार कष्ट न घेता ताजी हवा आत येते. पाणी त्यात जाऊ नये म्हणून तोंडाभोवती पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा उंच काठ असतो, विहिरीच्या कठड्यासारखा. पन्हळ वाहती आहे तोवर कठडा पुरतो.

आम्ही जाळीचे स्क्रू काढले. खाली पन्हळ नव्हतीच. काळपट, चिकट, चहाच्या चोथ्यासारखा लगदा होता. बोटानं उचलून धुतला तेव्हा कळलं, गुलमोहर. मावसभावाची गाडी वर्षभर गुलमोहराखाली उभी असते. गुलमोहराची पर्णिका तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, त्यामुळे जाळीतून सहज खाली जाते. वडाचं पान जाळीवर अडून राहतं, दिसतं, आपण उचलून टाकतो. हे बारकं पान मात्र आत जाऊन कुजतं आणि भोकाला बूच बसवतं.

क्लीनरच्या वाक्याचा हिशेब आता लागला. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढतो असं धरा. वीस सेंटिमीटर रुंदीच्या खाचेत तुंबलेलं पाणी मागच्या कडेला पुढच्यापेक्षा एक सेंटिमीटरनं वर चढतं. त्यात उजवीकडचं वळण आलं की ते डावीकडे लोटतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ब्लोअर डावीकडे, क्लीनरच्या पायांच्या वर असतो. पाणी कठडा ओलांडतं आणि थेट ब्लोअरच्या डब्यात. कल्याणला जाताना घाट उतरायचा, नाक खाली, म्हणून मॅट कोरडी. तीन वेळा लावलेलं सिलिकॉन काचेवर नाहक बसलं होतं.

प्रत्येक गळती इतकी सरळ नसते. पाणी जिथे दिसतं तिथे ते शिरलेलं असतंच असं नाही. चहा ओतताना किटलीच्या तोटीवरून धार खाली पडायची सोडून तोटीच्या बुडाला चिकटून मागे पळते, ते आपण रोज पाहतो. मार्कस रायनर या शास्त्रज्ञानं १९५६ साली या प्रकाराला 'टीपॉट इफेक्ट' असं नावच दिलं. पत्र्याच्या खालच्या अंगाला, वायरीच्या पोटाला चिकटून पाणी असंच हातभर लांब जातं आणि भलत्याच जागी टपकतं. वायरीचं तर विशेषच. हॉर्न, फॉगलॅम्प, जीपीएस असं काही नंतर बसवलं की इंजिनकडच्या पत्र्यातून नवी वायर आत घेतात. भोकातलं रबरी बूच कापलेलं, आणि वायर वरून तिरकी येऊन सरळ आत गेलेली. पाण्याला रेल्वेचा रूळच मिळाला. भोकाच्या बाहेर वायरीला खाली एक झोल दिला की पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतं. घरावर येणाऱ्या वायरीलासुद्धा जाणता वायरमन असा झोल ठेवतो.

मग येतं केशाकर्षण. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जोडलेले असतात, मधली फट बुजवणारा लेप वर्षानुवर्षांच्या उन्हानं आणि हादऱ्यांनी तडकतो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पाणी पृष्ठताणाच्या जोरावर जवळजवळ तीन सेंटिमीटर वर चढू शकतं. वळचणीचं पाणी आढ्याला म्हणतात ते हेच! मात्र असं चढलेलं पाणी आपणहून पलीकडे सांडत नाही, फटीत धरून राहतं. त्याला पलीकडून कुणीतरी ओढावं लागतं. बादलीच्या काठावर पंचा टाकून त्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं बाहेर खाली लोंबत ठेवलं, तर सकाळपर्यंत बादली उतरलेली असते. केबिनमधल्या मॅटखालचं फेल्ट फटीला टेकलं की तेच करतं.

दाराच्या रबरी बिडिंगची गंमत वेगळी. रबर मुळात पाण्याला जवळ करत नाही, स्वच्छ रबरावर थेंब मण्यासारखा उभा राहतो. म्हणून दार बसल्यावर बारीक फट उरली तरी पाणी सहजी तिच्यात घुसत नाही. पण उन्हाळाभर त्यावर धुळीचा थर बसतो, आणि धूळ पाणी पिते. म्हणजे रबर तेच, फट तीच, पण पाण्याचा अडसर गेला. साबणाच्या पाण्यानं धुताना गाडी जास्त गळते, पावसात तितकी नाही, असं कधी दिसलं तर तिथेही हेच: साबण पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो आणि पाणी रबरालाही भिजवतं. तेव्हा बिडिंग बदलण्याआधी ओल्या फडक्यानं पुसून बघावं. फुकटचा उपाय आहे. जुनं झालेलं रबर मात्र दबून चपटं होतं आणि परत फुगत नाही, त्याला पुसून उपयोग नाही. बिडिंगवर टाल्कम पावडर लावून दार बंद करा आणि उघडा. चौकटीवर पावडरीची रेघ जिथे तुटली, तिथे रबर टेकतच नाही. कागदाची पट्टी दारात धरून ओढली तरी समजतं. ती घट्ट निघाली पाहिजे.

गळती शोधायला सगळ्यांचा पहिला हात पाइपाकडे जातो, आणि पहिली चूकही तिथेच होते. टपावरून धबधबा सोडला की पाणी सगळीकडूनच ओघळतं, मग चोर कोण ते कसं ओळखणार? सुरुवात खालून करायची. मॅट आणि फेल्ट उचलून पत्रा कोरडा करायचा, एक माणूस बॅटरी घेऊन आत डॅशबोर्डखाली डोकं घालून पडणार, दुसरा बाहेरून हलकी धार आधी दाराच्या उंबऱ्यावर, मग बिजागऱ्यांवर, मग वायपरच्या जाळीवर, मग काचेच्या कडेला, शेवटी टपावर. प्रत्येक जागी पाचेक मिनिटं. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच गॅरेजात ते कुणी करत नाही. गाडी धुण्याच्या मशीनचा जोरदार फवारा वापरू नये, तो शाबूत रबरातूनही पाणी घालतो आणि नसलेली गळती दाखवतो. पाण्याशिवायचाही एक मार्ग आहे. काचा बंद, ब्लोअर बाहेरच्या हवेवर आणि पूर्ण जोरात. केबिन किंचित फुगते. बाहेरून बिडिंगवर आणि काचेच्या कडेला साबणाचा फेस लावला की फटीपाशी बुडबुडे येतात. पंक्चरवाल्याची ट्यूब आणि घमेलं, तत्त्व तेच. अल्ट्रासाउंडची उपकरणंही मिळतात. आत साधारण ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला न ऐकू येणारा आवाज सोडायचा आणि बाहेरून ऐकण्याचं यंत्र फिरवायचं. या लहरींची लांबी नऊ मिलिमीटरपेक्षाही कमी, त्या पत्र्यावरून परततात, फटीतून मात्र निसटतात.

सगळंच पाणी पावसाचं नसतं, हेही लक्षात ठेवावं. एसी असलेल्या गाडीत कडक उन्हातसुद्धा मॅट भिजते. ३० अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना ९ ग्रॅमच. मधला फरक एसीच्या थंड जाळीवर पाणी होऊन जमतो आणि एका बारक्या नळीनं गाडीखाली टपकतो. नळी तुंबली की तेच पाणी क्लीनरच्या पायावर. उन्हात उभ्या, एसी चालू असलेल्या गाडीखाली थेंब पडत नसतील तर नळी बघा. आणि पाणी बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला, काचेवर आतून तेलकट धुकं धरलं, तर ते इंजिनचं कूलंट आहे, हीटरची जाळी फुटली आहे. ते विषारी असतं, चाखून बघायच्या भानगडीत पडू नये.

आता सिलिकॉनबद्दल माझा राग. हार्डवेअरच्या दुकानातल्या ज्या स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, तो खरोखर ॲसिटिक ॲसिडचाच असतो. सुकताना ते बाहेर पडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं. शिवाय सिलिकॉनचा थर राहिलेल्या जागी नंतर ना रंग धरत ना दुसरा लेप. चिकटवून बसवलेल्या काचेसाठी पॉलियुरेथेनचं चिकटद्रव्य असतं. गंमत अशी की पाणी बाहेर ठेवणारा हा पदार्थ हवेतली वाफ शोषूनच घट्ट होतो. ऊन मात्र त्याला सोसत नाही, म्हणून काचेच्या कडेला तो काळा पट्टा भाजून बसवलेला असतो. आपल्याला ती नक्षी वाटते.

आमच्या पिकअपचं काम पाऊण तासात आटोपलं. लगदा काढला, भोकांतून पाइप मारला, चाकामागे काळं पाणी भसाभसा पडलं. वेळ गेला तो सुकवण्यात. मॅट वरून कोरडी वाटली तरी खालचं फेल्ट आठवडाभर ओलं राहतं. त्याला ना वारा लागतो ना ऊन. पत्रा तिथे खालून गंजत जातो आणि वायरींचे जोड हिरवे पडतात. फेल्ट बाहेर काढून पिळलं तर अर्धी बादली भरली. दोन दिवस पत्र्याच्या छपरावर वाळवलं, तेव्हा वास गेला.

गुलमोहराखाली गाडी लावू नकोस, असं मी मावसभावाला सांगून पाहिलं. दारात दुसरी सावली नाही, म्हणाला. आता जाळीचे दोन स्क्रू त्यानं काढूनच ठेवलेत आणि क्लीनरच्या सीटखाली दात घासायचा एक जुना ब्रश असतो.