भाताचा कडा करपा : फुकुओका, खोपोली आणि पुढे

भाताच्या पानाची कड शेंड्याकडून नागमोडी पिवळी पडत खाली येते आणि मग वाळून पांढुरकी होते. हा कडा करपा. नुसता करपा म्हटला की तो बुरशीचा. हा जिवाणूचा, आणि दोघांवरचे उपाय वेगळे. याची सुरुवात बहुधा कडेने होते, कारण पानाच्या कडेला जादा पाणी बाहेर टाकणारी सूक्ष्म छिद्रे असतात. तिथून किंवा जखमेतून जिवाणू आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढून त्या तुंबवतो. एकदा तो तिथे पोचला की वरून फवारलेले औषध त्याला फारसे गाठू शकत नाही. या रोगाच्या बंदोबस्ताचा इतिहास समजून घ्यायचा तर ही अडचण आधी लक्षात घ्यावी लागते.

पहिली नोंद जपानची. १८८४ च्या सुमारास क्युशू बेटावरच्या फुकुओका भागात शेतकऱ्यांना हा रोग दिसला. बरीच वर्षे दोष आम्लधर्मी जमिनीला दिला गेला. पुढे रोगट पानांवरचे गढूळ थेंब तपासले तेव्हा त्यांत जिवाणू सापडले.

भारतातली सुरुवातीची नोंद आपल्या कोकणातली आहे. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी १९५९ मध्ये खोपोलीच्या भातावरच्या या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात तो १९५१ पासून दिसत होता. १९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली आणि मग देशभरातल्या शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वळले.

नेमक्या त्याच दशकात बुटक्या, खताला भरघोस प्रतिसाद देणाऱ्या जाती आल्या. तैवानची तायचुंग नेटिव्ह-१ ही त्यांतली एक. ती या रोगाला इतकी बळी पडते की नव्या वाणांची प्रतिकारशक्ती तपासताना तुलनेसाठी आजही तीच शेजारी लावतात. तिच्यासोबत युरियाचा वापर वाढला. नत्र जास्त झाले की पाने लुसलुशीत आणि दाट होतात, खाचरात ओल टिकते आणि रोग पसरतो. अन्नधान्याची टंचाई खरी होती, त्यामुळे त्या जाती आणल्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. पण युरियाच्या मात्रेबद्दल शेतकऱ्याला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवे होते. १९७९ आणि १९८० मध्ये पंजाब, हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेशात, तर १९९८ मध्ये केरळच्या पालक्काडमध्ये या रोगाने पुन्हा मोठे नुकसान केले.

औषधांत भर राहिला तो स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनच्या मिश्रणावर, जोडीला कॉपर ऑक्सिक्लोराइड. स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचे औषध. ते शिवारभर फवारायचे, तेही नलिकेत दडलेल्या जिवाणूसाठी, हा सौदा मला कधीच पटला नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या प्रतिजैविकांचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. तो उशिरा आला, पण दिशा बरोबर आहे.

टिकाऊ उत्तर वाणातच शोधावे लागणार होते. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या वाणांत या रोगाला रोखणारे एक्सए-४ हे जनुक होते. पण ते एकटेच लाखो एकरांवर गेले आणि १९७० च्या दशकात जिवाणूचे नवे प्रकार त्याला पुरून उरले. त्याच दशकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या माली देशातून आणलेले एक रानटी भात कटकच्या संशोधन केंद्रात तपासले गेले. तिथल्या चाचण्यांत जिवाणूच्या सगळ्या प्रकारांपुढे ते टिकले. फिलिपिन्सच्या त्याच संस्थेतले भात-पैदासकार गुरुदेव सिंग खुश यांच्या चमूने ही प्रतिकारशक्ती लागवडीच्या भातात उतरवली. त्यामागच्या जनुकाला एक्सए-२१ हे नाव मिळाले आणि १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या चमूने ते वेगळे काढले.

एक्सए-४ चा अनुभव गाठीशी असल्याने हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि तिथल्याच सीसीएमबी या पेशी व रेणवीय जीवशास्त्र संशोधन केंद्राने एकाच जनुकावर भिस्त ठेवली नाही. सांबा मसुरी या लोकप्रिय वाणात त्यांनी एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ अशी तिन्ही आणली. हे काम संकराने आणि हवे ते जनुक रोपात आल्याचे दाखवणाऱ्या डीएनए-खुणांच्या मदतीने निवड करून झाले, जनुक बाहेरून टोचून नव्हे. सुधारित सांबा मसुरी २००८ मध्ये प्रसारित झाली. दिल्लीच्या पुसा संस्थेची (भारतीय कृषी संशोधन संस्था) दोन जनुकांची सुधारित पुसा बासमती-१ त्याच्या आदल्या वर्षीच आली होती. यातल्या एक्सए-१३ चे काम विलक्षण आहे. जिवाणू एरवी भाताचेच एक जनुक चालू करून पेशीतली साखर बाहेर काढवतो. एक्सए-१३ असलेल्या रोपात त्या जनुकाची कळ बदललेली असते, म्हणून जिवाणूला ती दाबता येत नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी अशा अनेक कळा जनुक-संपादनाने एकाच वेळी बदलून दाखवल्या.

तरी तीन जनुकांचे वाण लावले म्हणून नत्राचा हिशेब सुटत नाही. महाराष्ट्रात डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली भात लागवडीची चारसूत्री पद्धत खास या रोगासाठी नव्हती. पण तिच्यात तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला आहे, अंतर राखून नियंत्रित लावणी आहे आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चिखलात खोचायच्या असल्याने नत्र हळूहळू मिळते. दाटी आणि नत्राचा अतिरेक या रोगाला पोसणाऱ्या दोन्ही गोष्टी त्यामुळे आवाक्यात राहतात. बाकीची कामे बिनखर्चाची आहेत : लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापायचे नाहीत, कारण प्रत्येक काप म्हणजे जिवाणूला मिळालेले दार, रोगट खाचराचे पाणी शेजारच्या खाचरात सोडायचे नाही, बांधावरचे गवत काढायचे, कारण हंगाम संपल्यावर जिवाणू त्यावरही तग धरतो.