पाच दिवे, पण बिघाड एकच?

पंधरा-वीस वर्षांची स्पोर्ट्स कार आहे. वळण घेताना अचानक एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा), एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग आणि बॅटरी असे पाच दिवे डॅशबोर्डवर एकदम लागतात. मालकाच्या डोळ्यांपुढे लगेच पाच बिलं नाचू लागतात. पण पाच वेगवेगळे भाग एकाच क्षणी कसे बिघडतील? तेव्हा आधी शोधायचं ते या पाचांना सामाईक काय आहे, हे.

सामाईक असते वीज. प्रत्येक कंट्रोल युनिटला, म्हणजे त्या-त्या यंत्रणेच्या छोट्या कॉम्प्युटरला, ठरावीक व्होल्टेज लागते. ते घसरले की युनिटचा स्वतःच्याच मोजमापांवर भरवसा राहत नाही. ते काम थांबवते आणि दिवा लावते. म्हणून युनिटांत साठलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरआधी व्होल्टेज आणि रोध मोजणारा साधा मल्टीमीटर काढावा. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, 12.2 म्हणजे ती निम्मी रिकामी. इंजिन चालू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान गेला नाही, तर इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर संशय. आकडा ठीक असूनही अल्टरनेटर दगा देऊ शकतो. तो मुळात एसी वीज बनवतो, तिची डीसी करतात डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग. एखादा डायोड गेला की विजेत लहरी शिरतात आणि युनिटं गोंधळतात. इंजिन चालू ठेवून मीटर एसीवर लावला आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर डायोड तपासायला हवेत.

जुन्या गाडीत मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती अर्थिंगची. वीज बॅटरीकडे परतते ती बॉडीच्या पत्र्यातून, आणि इंजिन बॉडीला जोडलेले असते तांब्याच्या विणलेल्या पट्टीने. तिच्या टोकाशी हिरवट पूड जमली की रोध वाढतो. सेल्फ मारताना 150 अँपिअर वाहत असतील आणि रोध फक्त 0.02 ओहम असेल, तरी 3 व्होल्ट वाटेतच संपतात! गंमत म्हणजे रोध मोजणारा साधा ओहममीटर इथे फसतो. तो इतका कमी प्रवाह सोडतो की पट्टीची एखादी तार शाबूत असली तरी त्याला सगळे आलबेल दिसते. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवायचे आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 सारख्या काही स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी डिकीत असते. तिथे केबल लांब, म्हणून हे मोजणं टाळूच नये.

वीज आणि अर्थिंग निर्दोष निघाले, तर पाळी येते नेटवर्कची. बॉशने 1986 साली जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ पद्धतीत युनिटं पीळ दिलेल्या दोन तारांवर बोलतात. तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजल्यावर, दोन्ही रोध समांतर असल्याने, 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एक टोक तुटले आहे.

शेवटी स्कॅनर. कोड आधी लिहून ठेवायचे, मग पुसायचे आणि गाडी फिरवून आणायची. फक्त एबीएस आणि ट्रॅक्शनचे दिवे परतले, तर चाकाचा वेगसेन्सर किंवा ब्रेक पेडलजवळचा छोटा स्विच पाहावा.